कुंडाला बांधलेला दादरा

“कुंडात आता काय राहिलंय?” महाराजांनी विचारलं.

“काही नाही महाराज,” नेमण्णा म्हणाला. “नुसतं पाणी.”

महाराज कुंडाकडे बघत राहिले…

कुंडाकडे म्हणजे कुंडावरच्या कापडाकडे, कारण पाणी दिसतच नव्हतं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, तसं नेमण्णानं अख्ख्या कुंडाचं तोंड पांढऱ्या कापडानं बांधून टाकलं होतं. जुनी धोतरं एकाला एक शिवून, चहूबाजूंनी सुतळी ओढून, बोटभर फट ठेवली नव्हती.

“नेमण्णा आता कुंडात मीठमोहरी घालायचा तेवढा राहिलाय,” असं गावातली माणसं म्हणायची. पण मागे. तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती. येत्या पंचमीला त्याची दीक्षा होती, आणि परवापासून गाव त्याच्या पाया पडायला लागणार होतं.

गाव दूधगंगेच्या काठचं. त्या भागात जैनांची घरं पुष्कळ, आणि जिनमंदिराला तिकडे बस्ती म्हणतात. बस्तीच्या मागच्या अंगणात हे दगडी कुंड होतं. फार मोठं नाही, चार माणसांनी हात धरले तर वेढलं जाईल एवढं. एका बाजूला उतरायला पायऱ्या, मध्ये कमळं.

महाराज चातुर्मासासाठी तिथे थांबले होते. दिगंबर मुनी. अंगावर वस्त्र नाही, जवळ मोरपिसांची पिच्छी आणि लाकडी कमंडलू, एवढाच संसार. बोलणं इतकं थोडं की गावानं त्यांना ‘मुके महाराज’ म्हणून टाकलं होतं. अर्थात तेही मागेच.

नेमण्णा त्यांचा शिष्य. हायस्कुलात शास्त्र शिकवायचा, ती नोकरी सोडून ब्रह्मचारी झाला होता. बुद्धी तल्लख, ग्रंथच्या ग्रंथ तोंडपाठ. एक सूत्र विचारावं तर तो तीन सांगायचा, आणि चौथं विचारलं नाही म्हणून समोरच्याकडे जरा कीव करून बघायचा.

असा माणूस एकदाच चुकला होता. तेही अगदी पहिल्या दिवशी, बस्तीच्या विहिरीवर.

जैनांत पाणी गाळून घेतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण गाळल्यावर काम संपत नाही. गाळणं उलटं करून, त्याला चिकटलेले बारीक जीव थोड्या गाळलेल्या पाण्यानं धुऊन परत विहिरीत सोडायचे असतात. त्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी बादलीही वेगळी असते. तिच्या बुडाला एक कडी, कडीला दुसरी दोरी. बादली पार पाण्याला टेकली की ती दोरी ओढायची. बादली तिथल्या तिथे कलते आणि जीव अलगद पाण्यात जातात.

नेमण्णानं त्या दिवशी घाईत ते पाणी काठावरूनच विहिरीत भिरकावलं.

“हळू सोड,” पाठीमागून आवाज आला. “वरून टाकायचं नसतं.”

महाराज त्याच्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. त्यानंतर नेमण्णाचा हात कधी चुकला नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी, आणि तीही मूल पाळण्यात ठेवावं इतक्या जपून. बघणाऱ्याला कौतुक वाटायचं. त्यालाही वाटायचं.

मग हे कुंडाचं काय झालं?

झालं असं की, एकदा सकाळी तो पायरीवर पोथी वाचत बसला होता. समोर कमळाच्या पानावर बेडूक होता. कुठूनशी बगळ्यासारखी ढोकरी आली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिनं बेडूक उचलला. बेडूक ओरडला. लहान मूल दचकून रडावं तसा आवाज होता तो.

नेमण्णानं पोथी मिटली. त्याला खरंच गलबलून आलं होतं, त्यात ढोंग नव्हतं. अहिंसेचा पाठ चालू असताना, बस्तीच्या आवारात, डोळ्यांदेखत हिंसा! आणि पाण्यात डोकावून बघितलं तर काय, मासा अळीला खातोय, चतुर डासाला खातोय, बेडूक चतुराला. वरून खंड्या टपून बसलेला. धर्माच्या अंगणात हे कसलं खाटीकघर, असं त्याला झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कुंड उपसायला घेतलं.

एकही जीव त्यानं मारला नाही, हे आधी सांगायला पाहिजे. सगळं पाणी दुहेरी कापडातून गाळलं. मासे, बेडूक, त्यांची पिल्लं, पाणनिवळ्या, सगळ्यांना ओल्या कापडात घेऊन तो नदीवर गेला. काठावर बसून, त्याच कडीच्या बादलीनं, हळूच सोडून आला. कमळं मुळासकट काढली. चिखलही वाया घालवला नाही, ओला ठेवून नदीला नेला. कुंड घासलं, वाळवलं, विहिरीचं गाळलेलं पाणी भरलं. वर जाळी बसवली.

मग डास आले. त्यांना खाणारं कुणी उरलंच नव्हतं. जाळीतून आत जाऊन त्यांनी अंडी घातली आणि पाण्यात वळवळ सुरू झाली. नेमण्णा रोज सकाळी त्या अळ्या गाळायचा आणि नदीला पोचवायचा. “निघाली डासांची वरात,” असं पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या. शेवटी जाळी गेली आणि हा दादरा आला.

त्याच सुमाराला त्यानं घराचीही निरवानिरव केली. बस्तीला लागूनच त्याचं घर होतं, परसदार याच अंगणात उघडायचं. घरात तो आणि त्याचे वडील, आप्पा. आई कधीच गेलेली. घर आप्पांनी पूर्वीच त्याच्या नावावर केलं होतं. आता त्यानं ते बस्तीला दान दिलं. येणाऱ्या त्यागींच्या मुक्कामाची सोय होईल म्हणून पंचांनी आनंदानं घेतलं, कुलूप लावलं, आणि पुढच्या दाराशी त्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली.

आप्पांना त्यानं थोरल्या भावाकडे इचलकरंजीला पोचवलं. भावाचा तिसऱ्या मजल्यावर मोठा फ्लॅट होता.

“दादाचं घर मोठं आहे,” तो पंचांना म्हणाला. “तिथं त्यांना काही कमी नाही.”

दीक्षेला घरच्यांची अनुमती लागते. ती विचारली तेव्हा आप्पांनी मान हलवली होती. तोंडानं ते काही बोलले नव्हते.

…

तर असं सगळं निर्मळ करून नेमण्णा आज महाराजांना कुंड दाखवायला घेऊन आला होता. इतके दिवस ते या बाबतीत चकार शब्द बोलले नव्हते. बरं नाही आणि वाईटही नाही. त्या मुकेपणानं तो आतून पोखरला गेला होता. दीक्षेच्या आधी एकदा तरी त्यांनी ‘छान’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

महाराजांनी बसण्याआधी कुंडाचा काठ पिच्छीनं झाडला. झाडायला काही नव्हतं. एक मुंगीसुद्धा नाही. तरी त्यांनी नियमानं झाडला, आणि बसले.

“सोड,” ते म्हणाले.

नेमण्णानं दादऱ्याचं एक टोक सोडलं. खाली पाणी होतं, स्वच्छ, निळसर. तळाचा दगडन् दगड दिसत होता.

“बघा महाराज. आत कुणी कुणाला खात नाही.”

महाराजांनी आपला कमंडलू उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

“भर.”

नेमण्णानं कमंडलू हातात घेतला. वाकला. आणि त्याचा हात पाण्याच्या वर थबकला…

“महाराज… हे कच्चं पाणी आहे.”

“मग?”

“आपल्याला उकळलेलंच चालतं. कच्च्या पाण्यात जीव असतात.”

“यात आहेत?”

नेमण्णाला उत्तर पाठ होतं. अवघड एवढंच की ते त्याला स्वतःच्या तोंडानं द्यायचं होतं.

“आहेत महाराज. डोळ्याला दिसत नाहीत, पण असतात.”

“मग तू काय काढलंस?”

नेमण्णानं रिकामा कमंडलू पाण्यावरून मागे घेतला.

“जे दिसत होतं ते,” नेमण्णा म्हणाला.

महाराजांनी कमंडलू परत घेतला.

तेवढ्यात कापडावर थप् असा आवाज झाला. दोघांनी बघितलं. दादऱ्याच्या मधोमध एक बेडूक बसला होता. अंगाला धूळ, कातडी सुकत आलेली. खाली पाणी आहे हे त्याला कळत होतं. तो कापडाला तोंड लावायचा, जरा सरकायचा, पुन्हा तोंड लावायचा.

“हा इथलाच आहे,” नेमण्णा वैतागून म्हणाला. “मागच्या पायाचं बोट तुटलंय बघा. नेऊन सोडला की परत येतो. किती वेळा सोडला!”

“नदी लहान पडते त्याला?”

“लहान कशी पडेल महाराज? एवढी मोठी नदी. तिथं त्याला काही कमी नाही.”

महाराज त्याच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. पण इतका वेळ कुणी बघितलं की माणसाला आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, तसं नेमण्णाला वाटलं. ते अंगावरून झटकायला तो उठला. बाजूचं फडकं विहिरीच्या पाण्यात भिजवलं, त्यात बेडूक घेतला आणि नदीच्या वाटेला लागला.

वाट त्याच्या घराच्या परसदारावरून जायची.

परसदाराच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. मांडीवर गाठोडं, हातात काठी, डोक्याला पटका. पाठ कुलूप लावलेल्या दाराला टेकलेली.

“आप्पा?”

म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वर केलं. डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आलेला. दोन वर्षांपासून त्यांना उजेडापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं.

“नेमा व्हय रे?”

“तुम्ही इथं कसे आप्पा?”

“एसटीनं आलो. एका भल्या माणसानं फाट्यावर उतरवलं, म्होरं काठीनं आलो.”

“एकटे? दादाला सांगून आलात?”

“सांगिटलं असतं तर सोडलं असतं व्हय त्येनं?”

नेमण्णानं दाराकडे बघितलं. “पण आप्पा… दाराला कुलूप आहे.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “हाताला लागलं मघाशी.”

फडक्यात बेडूक हलला. नेमण्णानं मूठ जरा सैल केली.

“दादा काही बोलला का? वहिनी?”

“न्हाई बाबा. त्यांच्यावर आळ घेऊ नगंस. लई जपत्यात. दिस बुडायच्या आत ताट म्होरं येतंय. निजायला गादी हाय, पंखा हाय.”

“मग काय कमी आहे तिथं?”

“कमी काय न्हाई.” आप्पांनी पायरीच्या दगडावरून हात फिरवला. जिथे दगड झिजून खोलगट झाला होता तिथे त्यांचा हात बरोबर थांबला. “समदं हाय. पर तिथं मी आंधळा हाय, नेमा. हितं न्हवतो.”

नेमण्णानं त्या खोलगट दगडाकडे बघितलं.

“हितं मला चूल ठावं, उंबरा ठावं. सांजच्याला बेडकं वरडाय लागली की त्या आवाजावर कुंडाच्या पायरीला जाऊन बसायचा मी. आज बसायला म्हणून गेलो, तर कुंड कुठं हाय त्येच घावंना. नुसतं सामसूम. पडलो असतो, तवा मागं आलो.” आप्पा थांबले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “बेडकं कुठं गेली रे?”

“नदीला सोडली आप्पा.”

“का बरं?”

का बरं, याचं उत्तर नेमण्णाला अगदी सूत्रासकट येत होतं. ते ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्याच्या हातात ते ओलं फडकं धडधडत होतं. नदी मोठी आहे. दादाचं घर मोठं आहे. काही कमी नाही… दोन्ही ठिकाणी त्यानं तेच शब्द वापरले होते आणि इतके दिवस ते त्याला चांगले वाटले होते. आता त्यांची त्याला शिसारी आली.

आप्पांनी दीक्षेला हलवलेली मान त्याला आठवली. तेव्हा त्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. मान हलली एवढंच बघून तो मोकळा झाला होता.

“कशापायी गप झालास?” आप्पा म्हणाले. “मी काय ऱ्हायला आलो न्हाई रे. तुझी दीक्षा व्हणार, मग तुला नेमा म्हणायचं न्हाई. पाया पडायचं मी तुझ्या. म्हटलं, त्येच्या आधी एकदा हाक मारून यावं.”

नेमण्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते आप्पांना दिसलं नाही हे बरं झालं, आणि ते त्यांना दिसत नाही हेच त्याला सोसवेना.

“इथंच बसा आप्पा,” तो म्हणाला. “उठू नका. मी आलोच.”

नदीकडे न जाता तो मागे फिरला.

महाराज होते तिथेच बसले होते. नेमण्णा त्यांच्याशी बोलला नाही. दादऱ्याच्या सुतळ्या एकामागून एक सोडल्या. गाठी इतक्या घट्ट बांधल्या होत्या की सुटेनात, तेव्हा दातांनी सोडल्या. कापड ओढून बाजूला फेकलं. विहिरीवरची कडीची बादली आणली, तिच्यात थोडं पाणी आणि त्या पाण्यात बेडूक घेतला. गुडघे टेकून बादली कुंडात उतरवली आणि पाण्याला टेकल्यावर कडीची दोरी ओढली.

बेडूक क्षणभर तसाच तरंगला. मग पाय ताणून खाली गेला.

कुणी ‘हळू’ म्हणायची गरज पडली नाही.

आकाशातून एक ढोकरी गेली. नेमण्णानं वर बघितलं, पण हात उगारला नाही.

“महाराज,” शेवटी तो म्हणाला, “आप्पा आलेत. मागच्या पायरीवर बसलेत.”

महाराजांनी मान हलवली. त्यांना ते आधीच दिसलं असावं. नेमण्णाची तिकडे पाठ होती, पण परसदार त्यांच्या समोरच होतं.

“घर मी दान दिलंय. किल्ली पंचांकडे आहे. माझ्या नावाची पाटी लागली आहे दाराशी… दिलेलं दान परत मागायला गेलो, तर गाव थुंकेल माझ्यावर. म्हणतील, नेमण्णाचं घर सुटलं नाही, बाप सुटला नाही, आणि हा निघाला दीक्षा घ्यायला. महाराज, जन्मभर एवढी एकच गोष्ट मागितली मी. मांडव उभा राहिलाय. पंचमी तोंडावर आली आहे…”

महाराजांनी परसदाराकडे बघितलं.

पलीकडे काठीचा आवाज झाला. नको सांगितलं तरी आप्पा उठले होते. काठीनं जमीन चाचपत, दोन पावलं टाकत, थांबत, कान देत ते कुंड शोधत होते.

कुंडात बेडूक एकदाच ओरडला.

आप्पांनी मान वळवली. काठी बरोबर कुंडाच्या दिशेला वळली.

महाराज उठले. पिच्छी हातात घेतली आणि पायरीवरची, आप्पांचं पाऊल पडणार होतं तेवढी जागा झाडली.

“महाराज… दीक्षेचं काय?” नेमण्णानं विचारलं.

“पंचमी दर पंधरवड्याला येते,” महाराज म्हणाले. “जा. किल्ली घेऊन ये.”